सोन्यावरची आवणी

बायको गेली त्या साली भुकूममधली आमची मागची खोली एका पोरीला भाड्यानं दिली होती. पोरगी अमरावतीकडची, पुण्यात कसल्याशा प्रयोगशाळेत शिकणारी. मी चौथी नापास. तिला कधी काही विचारलं न्हाई. त्या दिवसांत मी कुणालाच काही विचारत नव्हतो.

एका सकाळी चुलीवर रिठ्याचं पाणी ठेवलं. हिची पुतळ्यांची माळ सुनेला द्यायची होती, आणि आमच्या घरात गेलेल्या बाईचं सोनं रिठ्यात उकळून मगच दुसरीच्या गळ्यात जातं. चाळीस वर्षं हिच्या गळ्यात होती. उकळली की हिचं काहीच उरणार न्हाई, म्हणून फेस वर आला तरी माळ हातातनं सुटेना.

पोरगी चहा घेऊन ओट्यावर बसली. उगा वेळ काढायला विचारलं, दिवसभर करतेस काय. म्हणाली, विजेची सर्किटं बनवते, पण तारेच्या जागी रेणू. केसाच्या जाडीत लाखाच्या वर मावतील एवढे बारीक. मग लावतेस कशानं, चिमट्यानं? ती हसली. त्या रेणूंच्या बुडाला गंधक असतं, आणि गंधक सोन्याला धरून बसतं. सोन्याचा पत्रा त्यांच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, की ते आपले आपण येऊन बुड रोवतात, दाटीनं उभे राहतात. मग वीज बुडातनं शेंड्याला जाते.

"अगं, ही तर भाताची आवणी! अन् ती बी बिनबायांची."

लई हसलो. ही जन्मभर चिखलात वाकून कंबर धरायची, आणि हितं रोपं स्वतःच उड्या टाकतायत.

मग तिला माळ दिसली. म्हणाली, आमचं निम्मं आयुष्य सोनं धुण्यात जातं. कातडीतही गंधक असतं, नुसतं बोट लागलं तरी काहीबाही चिकटतं.

"म्हंजी हिची बी आवणी हाय ह्याच्यावर?"

"असेल, आजोबा. तुमचीपण असेल. सोनाराचीसुद्धा."

सोनाराचं राहू दे म्हणालो आणि पातेलं तसंच उचलून परसात ओतलं. बोटं पोळली तरी हसतच होतो. कोंबड्या फेसातनं पळाल्या.

सून आली. तिला एका दमात रेणू, गंधक, आवणी, सगळं सांगितलं. तिनं पोरीकडं बघितलं, म्हातारं बिघडलं का म्हणून. मग माळ घेऊन म्हणाली, "मामा, धुतली न्हाई जणू."

"धुऊ नगंस. तुझ्या सासूनं लावलंय त्याच्यावर. तशीच घाल."

तिनं घातली, पदर सारखा केला आणि तोंड वर न करता विचारलं, मंग कापणी कवा?

त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.