डोंगराची आग आणि सहाशे चाळीस डॉलर

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम सहाशे चाळीस डॉलर. हजर माणसं तीन: मी, माझी बायको, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभ्या केलेल्या टॅबलेटच्या पडद्यावर आमची मुलगी, फ्रान्समधून.

मागणी मुलीला फ्रान्सला पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ऑफिसची होती. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एक सेमिस्टर फ्रान्समध्ये शिकते आहे. त्या सेमिस्टरमध्ये एक आठवडा एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला मदत करायची असते. तिला शिक्षिका व्हायचं आहे. तिच्या युनिव्हर्सिटीत टीचर ट्रेनिंगच्या प्रवेशासाठी एप्रिलअखेर अर्ज करायचा, आणि त्या अर्जाला या आठवड्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. सर्टिफिकेट नाही तर प्रवेश नाही. आणि त्या ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं होतं की ते मिळणार नाही, कारण स्टुडंटने परवानगी नसलेला खेळ घेऊन शाळेत घबराट पसरवली आणि मुलांची सुरक्षितता धोक्यात आणली. दुसरी शाळा हवी असेल तर दहा दिवसांत सहाशे चाळीस डॉलर भरा.

मी मेल दोनदा वाचला. बायकोने एकदाच वाचला आणि ती हसायला लागली. त्याचाही मला राग आला.

"हसण्यासारखं काय आहे यात?"

"अरे, खेळ माझा आहे," ती म्हणाली. "दोष द्यायचा तर मला दे."

आमच्या शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळाची रविवारची मराठी शाळा बायको चालवते. मुलगी चौदाव्या वर्षापासून तिथे मदतनीस होती. इथे जन्मलेल्या मुलांना आकडे शिकवायचे तर वह्या उघडून उपयोग नसतो. पाच म्हणजे किती विचारलं तर 'फाइव्ह' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. म्हणून बायको 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' घ्यायची. मुलं गोल पळतात, मध्ये उभी असलेली व्यक्ती एक आकडा ओरडते, आणि तेवढ्या जणांनी एकमेकांना घट्ट धरायचं. जो उरला तो बाद. दोन रविवारांत पोरांना वीसपर्यंत आकडे यायचे.

मुलीने तेच तिथे केलं, फक्त इंग्रजीत. आठ-नऊ वर्षांची फ्रेंच मुलं. द माउंटन इज ऑन फायर, रन, रन, रन!

सोमवारपासून काय झालं ते मी क्रमाने सांगतो, कारण मेलमध्ये क्रम नव्हता. पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका तासाच्या सुरुवातीला वर्गात होत्या. मग 'दहा मिनिटांत येते' म्हणून गेल्या आणि तास संपताना आल्या. मंगळवारीही तसंच. मंगळवारी मुलीने मला फोन केला होता. तिचा आवाज अजून आठवतो. "बाबा, आज होल क्लास मी एकटीने घेतला!" मला अभिमान वाटला. मी लंच अवरला मंडळातल्या एका मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "यार, एवढी फी भरून तू तिला मास्तरीण करतोयस. कॉम्प्युटर सायन्सला घाल. तिथे कुणी वर्गाबाहेर काढत नाही." तेव्हा मुलीला कुणी काढलेलंही नव्हतं, ते गुरुवारनंतर झालं.

बुधवारी तिकडच्या शाळेला सुट्टी असते. आम्ही पाच दिवसांची फी भरली होती. तो मुद्दा मी वेगळा लिहून ठेवला.

गुरुवारी बाईंनी पुन्हा दहा मिनिटांची रजा घेतली. मुलीने मुलांना अंगणातल्या छपराखाली नेलं आणि डोंगराला आग लावली. दोन फेऱ्यांत मुलांना वाक्य पाठ झालं आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर ओरडायला लागला, फायर, फायर, रन! वरच्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढे दोन शब्द येत होते. तिने आपला वर्ग जिन्यावरून खाली आणला आणि फाटकाबाहेर काढला. ते बघून तिसरा वर्ग निघाला. मग कुणीतरी अलार्म दाबला. सगळी शाळा कोट न घालता रस्त्यावर उभी. आमच्या मुलीचा वर्ग मात्र खूश होता, कारण त्यांना वाटलं खेळ मोठा झाला. त्यांनी रस्त्यावरच चार-चारचे गट केले आणि उरलेल्या एका मुलाला बाद केलं.

तेवढ्यात वर्गशिक्षिका रस्त्याच्या टोकाकडून आल्या. केस कापून आल्या होत्या.

हे मुलीने शनिवारी त्या पडद्यावर सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं.

"म्हणजे तू वर्गात एकटी होतीस? रोज?"

"बाबा, प्लीज. तिचं नाव कुठे घेऊ नकोस. त्या शाळेला वर्षभर एक टीचर कमी आहे. शी इज टायर्ड."

"दमलेली माणसं केस कापायला जातात का?"

"हेअरकट इज नॉट अ क्राइम, बाबा."

"तक्रारीखाली सही कुणाची आहे बघ. ती आहे क्राइम."

तक्रारीवर दोन सह्या होत्या, मुख्याध्यापकांची आणि त्या बाईंची. सही करताना बाईंनी तिला मिठी मारली होती म्हणे आणि 'सॉरी' म्हटलं होतं. मिठी मारून सही करणाऱ्या माणसांचा मला जेवढा राग येतो तेवढा नुसती सही करणाऱ्यांचा येत नाही.

"तू आधी चहा घे," बायको म्हणाली.

"मला चहा नकोय."

"मग निदान त्या टॅबलेटला बोट दाखवून बोलू नकोस. ती तुझ्या ऑफिसमधली नाहीये."

सोमवारी सकाळी मी प्रोग्रॅमच्या ऑफिसला फोन लावला. मुलीने 'नको' म्हटलं होतं, तरी लावला. पैसे मी भरतो, प्रश्न मी विचारणार, असा माझा हिशेब होता. पलीकडच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. मुलांची सुरक्षितता त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची होती.

"छान," मी म्हणालो. "मग त्या वेळी मुलांची शिक्षिका कुठे होती?"

"ते आमच्या रिपोर्टमध्ये नाही, सर."

"म्हणूनच विचारतोय. तुमच्याच नियमात लिहिलंय की स्टुडंटला वर्गात एकटं सोडायचं नाही."

"सर, स्टुडंट अडल्ट आहे. तिच्या शाळेतल्या प्लेसमेंटबद्दल मी पालकांशी बोलू शकत नाही."

"आणि बिल? बिल पालकांना कसं पाठवता?"

"बिलिंगसाठी तुमचं नाव दिलेलं आहे, सर."

मी आयुष्यात फोनवर क्वचित ओरडलो आहे. त्या दिवशी ओरडलो. वीस वर्षांच्या मुलीला फुकटची बदली शिक्षिका म्हणून वापरायचं, आपली रिकामी खुर्ची रिपोर्टमधून वगळायची, आणि तिच्यावर धोक्याचा ठपका ठेवून वर तिच्याच बापाकडून पैसे मागायचे. हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं, आणि इंग्रजीत ते मराठीपेक्षा बरंच सौम्य निघालं, याचा राग वेगळा. बाई म्हणाल्या, मी तुमचं म्हणणं नोंदवून घेते.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे मध्यरात्र होत आली असताना, मुलीचा फोन आला. ऑफिसने तिला मेल केला होता की तुझ्या वडिलांनी शिक्षिका गैरहजर असल्याचा आरोप केला आहे, खरं आहे का?

"मी तुला काय सांगितलं होतं?" तिने विचारलं. ती ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझं सर्टिफिकेट चाललंय. मी गप्प बसू?"

"ते मी सांगणार होते, बाबा. तिला आधी सांगून. आता तिला वाटेल मी मागून वार केला."

"तिने काय समोरून केला?"

"दॅट्स हर. मी तशी नाही."

फोन बायकोने घेतला आणि दुसऱ्या खोलीत गेली. मी तिथेच बसून होतो. मला अजूनही वाटतं मी खोटं काही बोललो नव्हतो.

मंगळवारी मुलगी आपला तास बुडवून ट्रेनने त्या गावाला गेली. हे मला बायकोकडून कळलं, कारण दोन दिवस मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी राहिली. तिच्या वर्गातल्या मुलांनी तिला पाहिलं आणि फुटपाथवरच गोल पळायला सुरुवात केली. एक मुलगी ओरडली, "थ्री!" आणि सगळी तिघं-तिघं एकमेकांना चिकटली. मुलांना न्यायला आलेल्या आयांना काही कळेना. मग वर्गशिक्षिका बाहेर आल्या. आमच्या मुलीने त्यांना सांगितलं की मला ऑफिसने विचारलंय आणि मी खरं सांगणार आहे. पण तुम्ही आत जाऊन आधी सांगितलंत तर बरं, मी तुमच्या शेजारी उभी राहते. बाई रडल्या. मग दोघी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. बाईंनी सांगितलं. मुलगी शेजारी उभी राहिली.

"आणि मुख्याध्यापक काय म्हणाले?" मी बायकोला विचारलं.

"म्हणाले, पुढच्या वेळी डोंगरावर आगीऐवजी पाऊस पाडा."

बायको पुन्हा हसली. मी हसलो नाही. पूर्ण शाळेसमोर ठपका ठेवलेल्या मुलीची माफी मागायची सोडून विनोद करतात.

शुक्रवारी ऑफिसचा मेल आला. सहाशे चाळीस डॉलरची मागणी मागे घेतली होती. शाळेने तक्रार मागे घेतली होती. सर्टिफिकेट मिळेल, मात्र बंद केलेली फाइल पुन्हा उघडण्याचे पंचाहत्तर डॉलर आधी भरावे लागतील. दिलगिरीचा एक शब्द नाही. चूक त्यांची, फाइल त्यांनीच बंद केली, आणि ती उघडायचे पैसे आमच्याकडून.

मी पहिलं पत्र त्याच दिवशी लिहिलं. उत्तर आलं की हा ठरलेला चार्ज आहे. दुसऱ्या पत्रात मी त्यांचेच नियम त्यांना कलमांसकट दाखवले आणि बुधवारच्या न भरलेल्या शाळेचा मुद्दाही घातला. उत्तर आलं की तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. एप्रिल निम्मा झाला. मुलगी आता माझ्याशी बोलत होती, हवापाण्याचं, परीक्षेचं. सर्टिफिकेटबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. ती माझ्या पत्राच्या उत्तराची वाट बघते आहे असा मी समज करून घेतला होता.

तिसरं पत्र मी रविवारी लिहीत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"बाबा, ॲप्लिकेशन सबमिट केलं."

"सर्टिफिकेटशिवाय?"

"सर्टिफिकेट लावून. मंगळवारीच आलं."

"कसं आलं? मी तर अजून त्यांना..."

"मी भरले."

मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न होता. आपण भरले म्हणजे आपली चूक मान्य केली असं होतं. त्या लोकांना हेच हवं असतं, माणूस कंटाळून भरतो हेच त्यांचं उत्पन्न आहे. मी बराच वेळ बोललो. ती ऐकत होती.

"तत्त्व तुझं होतं, बाबा," ती म्हणाली. "क्लास माझा होता."

मी पैसे तिच्या खात्यात पाठवले. तिने ते संध्याकाळी परत पाठवले. तिसरं पत्र मी पूर्ण केलं, पाठवलं, आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

शेवटी भरले गेले ते पंचाहत्तर डॉलर. भरले मुलीने, तिथे शेजारची लहान मुलं सांभाळून मिळवलेल्या पैशांतून, प्रोग्रॅमच्या ऑफिसला.