आबांनी न निवडलेला चक

चक हातात घेतला की आबा आधी डोळे मिटायचे. मग डाव्या मुठीत तो घट्ट धरून उजव्या अंगठ्याने त्याची कडी हळूहळू फिरवायचे, कानाशी नेऊन ऐकायचे आणि अलगद पुन्हा खोक्यात ठेवून म्हणायचे, "चांगलाय. पन आपल्याला न्हाई जमायचा."

हे वाक्य मी कधीपासून ऐकतोय म्हणता? माझ्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून. आता मिशा पांढऱ्या झाल्या आणि आबा राहिले नाहीत. पण बाजाराच्या दिवशी शटर वर करताना अजून कानात तेच येतं.

कामशेतच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळ, कुलपं, आणि एका काचेच्या कपाटात कारखान्याची थोडी हत्यारं. त्या कपाटाचं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे आबा. आणि तेही न घेणारं! तुम्ही दुकानदार असाल तर तुमच्याकडेही असा एक असणार. त्याला हाकलता येत नाही आणि त्याच्यावर पोटही भरत नाही.

ज्यांचा लोखंडाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाच्या भोकात स्क्रू बसवायचा तर आतून आटे पाडावे लागतात. ते पाडायचं हत्यार म्हणजे टॅप. हाताने पाडायचे तर टॅपला हँडल लावून अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं जपून जायचं. जोर जरा जास्त झाला की टॅप आतच मोडतो आणि जॉब, म्हणजे तो लोखंडाचा तुकडा, भंगारात जातो. टॅपिंग चक ड्रिल मशीनला लावला की हे सगळं मशीन करतं, आणि टॅप अडला तर चक आपोआप घसरून टॅपला वाचवतो.

आबा तळेगावकडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर पवनेच्या रस्त्याला घरामागे पत्र्याची शेड घातली, एक जुनं ड्रिल मशीन आणलं आणि लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांची लाटणी करायला लागले. चिक्की कापायचं लाटणं बघितलंय का कधी? एका दांड्यावर ओळीने गोल पाती आणि प्रत्येक दोन पात्यांमध्ये एक लोखंडी कडी. कडी स्क्रूने दांड्यावर आवळायला दर कडीला आट्यांचं एक बारीक भोक. आबांचं लाटणं सरळ रेषेत कापतं, असा त्यांचा लौकिक होता. पण पुढे हाताला कंप सुटला. टॅप मोडू लागले, कड्या भंगारात जाऊ लागल्या, आणि पिंपरीला राहणारा मुलगा दर फोनला म्हणू लागला, "आबा, शेड विका आणि इकडं या फ्लॅटवर." शेड राखायची तर चक घेण्यावाचून इलाज नव्हता. एवढं सगळं आबांनीच मला सांगितलेलं. आणि तरी चक घ्यायचं नाव नाही!

एक चक लांब निघाला. "माझ्या मशीनची मान आखूड. ह्यो लावला तर जॉब काय डोक्यावर ठिवू?" दुसरा सैल. तिसऱ्याची कडी कडक. मी हट्टाला पेटून पुण्याहून एक मागवला, ज्यात देवालाही खोट काढता आली नसती. आबांनी डोळे मिटले, फिरवला, ऐकला. मग म्हणाले, "रंग बरा न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "आबा, चक घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

"सोयरीकच की, शेठ," आबा हसत म्हणाले. "जलमभर एका शेडमधी ऱ्हायचं."

त्यात दर बाजारी यायची वेळ बोहनीची. शटर अर्धं वर जातंय न जातंय तोच खाली आबांच्या वहाणा दिसायच्या. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की माझा दिवस वाया जातो, असं मी मानतो. हसा हवं तर. आबा हसायचे नाहीत. "तुमची बोहनी खराब नगं," म्हणून दर वेळी एक वॉशर घ्यायचे. एक!

"कुठला देऊ?"

"कुटलाबी."

मग स्टुलावर बसून चहा. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, भाताच्या भावावर वाद, कुणाची म्हैस व्याली इथपासून कुणाचं लग्न मोडलं इथपर्यंत. दुपारी पिशवीत तो एक वॉशर घेऊन माणूस घरी.

एकदा मी पवनेकडे पाइप पोचवायला गेलो होतो. येताना म्हटलं, बघू तरी या नवरदेवाची शेड. दुपारची वेळ होती. दारातून पाहिलं आणि तिथेच थांबलो.

व्हाइसच्या जबड्यात कडी धरलेली. आबा दोन्ही कोपरं टेबलावर रोवून टॅपला छोटा गुण्या लावून बसलेले, टॅप सरळ जातोय ना ते बघत. आणि हँडल फिरवत होत्या मावशी, आबांच्या घरच्या. तेलाच्या पालथ्या डब्यावर पोत्याची घडी घालून बसल्या होत्या. शेजारी डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली. तेच तेल टॅपला.

"अर्धा फुडं," आबा म्हणाले.

"गेले."

"पाव मागं."

"आले. तर काय सांगत व्हते, तिची सून म्हनली..."

"गप की वाईच. टॅप मोडल."

"माझ्या हातनं कंदी मोडलाय का? तुमीच गप ऱ्हावा. अर्धा फुडं म्हना."

"अर्धा फुडं."

आणि सुनेची गोष्ट आट्यांबरोबर पुढे सरकली. आबा मान हलवत होते. तोंडावर असं समाधान, की मला आत जायचीच लाज वाटली. शेवटी खोकलो. आबांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे दचकले. "शेठ, ते चकाचं... फुडच्या बाजारी बघू."

चक आला असता तर त्या डब्यावर कुणी कशाला बसलं असतं? मशीनला ना सून ठाऊक, ना शेजारीण. माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडायला इतकी वर्षं लागली बघा.

पुढच्या बाजारी आबांनी डोळे मिटायच्या आत मीच म्हटलं, "आबा, याचा दांडा मला जरा वाकडा वाटतोय."

"मला बी तसंच वाटलं!" आबा म्हणाले. काय खुलले होते! तेव्हापासून नवा चक आला की आम्ही दोघं मिळून त्याला नावं ठेवायचो. आमची मंडळी आतून ऐकायची. एकदा म्हणाली, "स्वतःच्या मालाला शिव्या देणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघते. तुम्ही बरे आहात ना?"

मग एका दिवशी मावशी एकट्याच आल्या. आबा कसल्याशा दाखल्यासाठी वडगावला तहसील कचेरीत गेले होते. पायरी चढताना मावशींना धाप लागली. पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन म्हणाल्या, "कपाट उघड, बाबा. चक दाव."

मी तीन-चार मांडले. मावशींनी डोळे मिटले नाहीत की कानाला लावला नाही. प्रत्येकात टॅप अडकवायला लावला, टॅपचं टोक माझ्या पकडीत धरायला सांगितलं आणि स्वतः चक फिरवून बघितला. टॅप अडला की चक कधी घसरतो ते मनगटाने पाहत होत्या. एकाला म्हणाल्या, "ह्यो लय लवकर सोडतो." दुसऱ्याला म्हणाल्या, "ह्यो सोडीतच न्हाई, मोडनार." तिसरा, दिसायला सगळ्यात साधा, त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवला.

"ह्यो माझ्या हातावानी सोडतो. ठिव बाजूला. कुनाला इकू नगंस."

"आजच न्या की, मावशी."

"आज?" त्या हसल्या. "आज मी हाय की."

मी पकड खाली ठेवली. त्यांनीच सांगितलं. "डाक्टरनं काळजाचं सांगितलंय. आमचं काय खरं न्हाई. माझ्या माघारी ल्योक ह्यास्नी पिंपरीला न्हील. पोरगं वाईट न्हाई, पन तितं ग्यालरीत बसून ह्यो मानूस वाळून जाईल. शेड ऱ्हायली पायजे. तवा ह्यो दे."

"मावशी, आबा मुद्दाम घेत नाहीत, ठाऊक आहे तुम्हाला?"

"न ठावं असाया काय झालं? त्यास्नी वाटतं मला कळत न्हाई."

"मग दर बाजारी पाठवता कशाला?"

"तेवढंच चार मानसांत बसत्यात रे. न्हायतर शेड आनि मी, मी आनि शेड. सांगू नगंस त्यास्नी."

तो चक मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. आबा येत राहिले, नावं ठेवत राहिले. वरच्या फळीकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही.

मावशी भाताच्या कापणीच्या दिवसांत गेल्या. मी स्मशानात आबांच्या शेजारी उभा होतो.

दिवसकार्य झाल्यावर ते आले. बाजाराचा दिवस नव्हता, बोहनीची वेळही नव्हती. स्टुलावर बसले नाहीत.

"चक द्या, शेठ. चिक्कीवाल्याची लाटनी अर्धी पडल्यात. ल्योक म्हनतो बंद करा. बंद करून कुटं जाऊ?"

"कुठला देऊ?"

"कुटलाबी."

वॉशर मागायचे ना, अगदी त्याच आवाजात. इतकी वर्षं हा माणूस चक घेईल म्हणून मी वाट पाहिली होती आणि घेतला तेव्हा मला रडू आलं. स्टूल घेऊन वर चढलो, फळीवरचा चक काढला, फडक्याने पुसला. आबांनी बघितलासुद्धा नाही, पिशवीत टाकला. मी दुकान मंडळीवर सोपवलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. एकट्याच्या हातून तो बसला नसता.

शेडमध्ये पोत्याची घडी डब्यावर तशीच होती. मी उभाच राहिलो. चक मशीनला लावला, कडी बांधली. आबांनी हँडल खाली ओढलं. टॅप आत गेला, थोडा अडला, आणि चक कट्ट करून घसरला. टॅप शाबूत. आबा थांबले. मशीन वर घेतलं, पुन्हा खाली. पुन्हा कट्ट, अगदी तिथेच.

आता त्यांनी डोळे मिटले.

"शेठ," ते म्हणाले, "तिचा हात असाच सुटायचा. ह्यो तुमी न्हाई निवडला."

मी म्हटलं, नाही. आणि मग सगळं सांगून टाकलं. सांगू नगंस म्हणाल्या होत्या, पण आता कुणाची भीती होती? पायरीवरची धाप, मनगट, पिंपरीची ग्यालरी, सगळं. आबा ऐकत राहिले. मध्येच हसले, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

"म्हंजी तिला ठावं व्हतं. आनि मी येडा दर बाजारी रंग बरा न्हाई म्हनून सांगत बसलो! आनि ठावं असून धाडीत व्हती?"

"तुम्ही चार माणसांत बसावं म्हणून."

आबांनी सुताचा बोळा घेऊन चक पुसला. मग म्हणाले, "जावा तुमी. दुकान उगडं हाय." मी निघालो. रस्त्याला लागेपर्यंत मागून मशीनचा आवाज येत होता आणि त्या आवाजात आबांचाही, "अर्धा फुडं. पाव मागं."

लाटणी लोणावळ्याला वेळेवर गेली. मुलगा येऊन बघून गेला आणि शेड विकायचं बोलणं तिथेच मिटलं. पण आबा बाजाराला येईनात. येतील कशाला? निवडायचं काही उरलंच नव्हतं. ज्या माणसाने घेऊन टाकावं आणि माझा पिच्छा सोडावा म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरलो, त्याने पिच्छा सोडला आणि मला दुकान खायला उठलं. एकदोन वेळा तर मी शटर अर्ध्यावर धरून उगीच थांबलो, खाली बघत.

आणि पौषातल्या एका बाजारी, थंडी मरणाची, शटर अर्धं गेलं आणि खाली त्या वहाणा!

"एक वायसर द्या, शेठ. बोहनी करा."

"कुठला?"

"कुटलाबी."

वॉशर दिला. सवयीने हात काचेच्या कपाटाकडे गेला. "काय दाखवू, आबा?"

"काय बी दावू नका," आबा म्हणाले आणि स्टूल ओढून ऐसपैस बसले. "कारभारणीनं धाडलंय."

मी समोरच्या टपरीवाल्याला चहा सांगितला.