मुक्यानं तीन फेऱ्या

"चालणार तू, पोट तुझं कमी होणार, आणि पैसे मी का द्यायचे?"

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मला हे विचारलं. प्रश्न तसा बरोबर होता. माझ्या मुलीला स्नायूंचा एक दुर्मीळ आजार आहे. अशा आजारांवरच्या संशोधनासाठी एक संस्था निधी जमवते. त्यासाठी एका रविवारी नेरूळच्या तलावाभोवती तीन फेऱ्या चालायचं, आणि ओळखीच्यांनी आपल्या प्रत्येक फेरीमागे काहीतरी द्यायचं. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत मी फॉर्म घेऊन दारोदार फिरलो. लोक चहा पाजायचे, "टेन्शन घेऊ नका, सगळं ठीक होईल" म्हणायचे आणि फॉर्म परत द्यायचे. मला असा राग यायचा! अहो, तुमच्या तोंडात साखर पडो, पण आधी सही तर करा.

शेवटी फॉर्म हातात घेतला तो माझ्या आईनं. आई खाडीकाठच्या दिवाळे गावात राहते, आमच्या जुन्या घरात, आणि सत्तरी ओलांडली तरी रोज बाजारात मासे विकायला बसते. तिला वाचता येत नाही. मी फॉर्म समजावून सांगितला.

"म्हंजे नवस," ती म्हणाली. "मंग सरल सांग ना."

"नवस नाही गं आये."

"कोनाच्या तरी जिवासाठी चालायचं, तो नवस नाय तर काय? यातून औषद मिलंल?"

"मिळेल ना," मी म्हणालो.

बस, एवढंच. कोणाला मिळेल, ते मी गिळून टाकलं. डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की या कामाला फार वर्षं लागतात, तुमच्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काही येईल अशी आशा धरू नका. त्या दिवशी आईही आमच्याबरोबर आली होती, पण हे बोलणं तिला बाहेर बाकावर बसवून झालं. तिला त्यांनी आत बोलावलं ते फक्त एक प्रश्न विचारायला. घराण्यात आधी कोणाला असं काही होतं का? आई म्हणाली, "नाय."

पोर माझी आठ वर्षांची. तीन वर्षांची असताना भिंतीला धरून चार पावलं टाकायची. आता व्हीलचेअरवर असते, आणि पाय चालत नाहीत त्याची भरपाई जिभेनं करते. आजीचा तिच्यावर भारी जीव. तिचं नावही आजीनंच ठेवलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते आणि मला बहीण नाही, तर आईच पाळण्यावर वाकली. दुसरं नाव कोणाला सुचवूच दिलं नाही तिनं.

तर आईनं पाटीपुढे बसल्या बसल्या अख्खा बाजार कामाला लावला. "माज्या नातीचं औषद येनार हाय," ती प्रत्येकीला सांगायची, आणि बाया ओले हात पुसून फॉर्मवर सही नाहीतर अंगठा करायच्या. एक जण म्हणाली, "पोर उबी रायली की पयलं पापलेट माज्याकडचं." मी तिथेच उभा होतो. माझी मलाच लाज वाटली, पण बोललो नाही ते नाहीच.

रविवारी सकाळी आई तलावावर आली ती अनवाणी. संस्थेच्या बाईंनी दिलेला पिवळा टी-शर्ट तिनं लुगड्यावरूनच चढवला. मी चपलांचा विषय काढला, तर म्हणाली, "कार्ल्याच्या आईच्या दर्शनाला चालत जातो तवा चपला घालतो काय?" वर हेही जाहीर केलं की तिन्ही फेऱ्या मुक्यानं, एक शब्द बोलणार नाही. माझी आई आणि मौन! तिनं बाजारात हाक मारली की खाडीतल्या होडीत ऐकू जाते. मुलगी तर हसून हसून लाल झाली. फेऱ्या जिथून सुरू होत होत्या तिथे ती आणि तिची आई बसणार होत्या. तिच्या गळ्यात शिट्टी होती. "आजी, बोललीस तर शिट्टी वाजवणार हां!"

पहिल्या फेरीत आई भराभरा चालली, मीच धापा टाकत होतो. दुसरी फेरी सुरू झाली, गर्दी पांगली, आणि माझ्या डोक्यात आलं की सांगायचं तर आत्ताच. तिला उलट बोलता येणार नाही म्हणून मी ती वेळ निवडली. भित्रा माणूस आहे मी, काय लपवायचं?

"आये, ते औषध आपल्या पोरीसाठी नाही गं. निघालं तरी खूप उशिरा निघेल. तिला नाही मिळणार. मला आधीपासून ठाऊक होतं."

आई थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मौन मोडावं, चार शिव्या हासडाव्यात, एक थोबाडीत द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. पण ती वळली आणि चालू लागली. दुसरी फेरी संपली तिथे मुलगी दोन बोटं नाचवत ओरडली, "बाबा, तू परत मागे!" आता आई बसेल, आता कशाला चालेल, असं मी धरून चाललो होतो. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिसरी फेरी धरली. ती फेरी संपता संपेना.

शेवटी शिट्टी वाजली. "आजी, बोल आता!" आई कठड्यावर बसून तळव्यात रुतलेले खडे काढत होती. बायको मुलीला घेऊन पाणी आणायला गेली, तेव्हा आई बोलली. तिचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"डाक्तरनं मना इचारलं व्हतं ना, घरात आदी कोनाला व्हतं काय? मी खोटं बोलली."

"म्हणजे?"

"तुज्या आदी मना पोरगी व्हती. तीन वर्साची झाली तरी उबी नाय रायली. लोक बोलले, दिष्ट लागली. चार वर्साची व्हऊन गेली."

चव्वेचाळीस वर्षांचा झालो मी, आणि मला एक बहीण होती हे मला तलावाच्या कठड्यावर कळत होतं. "का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुजी बायको बोलली असती, तुमच्या घरातून आलं. मी भ्याली, बाला."

भित्रेपणा मी कोणाकडून घेतला, ते कळलं. तिच्या शेजारी बसलो आणि रडू आलं, ते आवरलं नाही.

"तवा कोनाला काय म्हायतच नव्हतं," ती म्हणाली. "आता डाक्तरला सांगू. लिवून घेऊ दे. कोनाच्या तरी पोरीच्या कामाला येल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाजारात प्रत्येकीला खरं सांगितलं. पापलेटवाली म्हणाली, "कोनाची का असंना, पोरच हाय ना." घरी बायकोला मी रात्रीच सांगितलं होतं. ती आईला एका शब्दानंही बोलली नाही.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पुढे ओढला आणि मुलीचं नाव विचारलं. आईनं सांगितलं.

"नातीचं नको, आजी," डॉक्टर म्हणाले. "जी गेली तिचं सांगा."

"तिचंच सांगितलं," आई म्हणाली.