वाईट दिवसांची तालीम

टाळेबंदीत ताडकळसचा आठवडी बाजार बंद पडला. वडिलांच्या किराणा दुकानात तेलाच्या पिशवीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. वडिलांनी ते पाहिलं. पुढं बाजार भरला, एसट्या सुरू झाल्या, पण वडील पहिल्यासारखे झाले नाहीत.

"हे सगळं एक दिवस कोसळणार हाय," ते म्हणायचे. "आत्तापासूनच तयार राहायचं."

घरात गॅस असून चूल पेटली. उन्हाळ्यात पंखे बंद. सोमवारी नुसतं पाणी. आई कुरकुरायची. आत्या मात्र हसत निभावून न्यायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडंच राहायची. तिला फार कमी दिसायचं. पोरक्या वडिलांना तिनंच वाढवलं होतं.

एका सकाळी जेवताना वडील म्हणाले, "अंगाला सवय झाली. आता मनाला लावायची. अक्का, तुला राणीसावरगावला सोडतो, चुलतभावाकडं."

"किती दिवस?"

"कायमचं. उद्या दाणापाणी तुटलं तर कुणाला सोडायचं, ते आजच ठरवाया पाहिजे. ऐन वक्ताला हात कापतेत."

आत्यानं चाचपडत ताटातली अर्धी भाकरी टोपल्यात परत ठेवली. "मला लय लागत न्हाई रे. अर्धीत भागतंय."

"भाकरीचा सवाल न्हाई, अक्का."

मी ओरडले, "पण बाबा, वाईट दिवस आलेत कुठं?"

"म्हणूनच. आल्यावर मन घट्ट होत नसतंय."

आईनं भरलेल्या पिशवीतून निम्मी लुगडी वडिलांनी काढून ठेवली. निघताना आत्यानं माझा चेहरा चाचपला. "माझं काई चुकलं का गं?"

काहीच कोसळलं नाही. पाऊस झाला, सोयाबीन निघालं, दुकानाला नवा बोर्ड लागला. तिकडं आत्याला गोठ्यालगतची खोली दिली होती. फोनवर ती "बरं हाय" एवढंच बोलायची. त्याच हिवाळ्यात ती तिथंच वारली.

माती देताना वडिलांचे डोळे कोरडे होते. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. आता तरी फुटतील म्हणून मी वाट बघत होते. गंगाखेड मागं पडल्यावर ते म्हणाले, "बघ, मला काईच झालं न्हाई." आवाजात समाधान होतं. मी उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

अलीकडं आईचे गुडघे दुखतात. वडील घरात असले, की ती लंगडत नाही.