ढाणीवरून वळलेलं विमान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे — थकलोय. एकच खोटं किती वर्षं सांभाळायचं?

मी हवाई दलात वैमानिक होतो. शेवटची काही वर्षं विमानांच्या चाचण्या घ्यायचो. आता कळंब्यात राहतो, सकाळी तळ्याकडे एक फेरी मारतो. माझं गाव कोडोली. तिथं झेंडावंदनाला मला बोलावतात, कारण राजस्थानात मी एक वस्ती वाचवली — असं सगळे म्हणतात. यंदाही सरपंच माईकवर गरजले, "ह्यो आपल्या गावचा गडी हाय! जिवावर उदार हून इमान वळवलं की ह्यानं!" टाळ्या पडल्या. मी फेटा सावरत बसलो. दुसरं काय करणार होतो?

त्या दिवशी मागच्या सीटवर विनय होता. चाचणीचा इंजिनिअर, साताऱ्याचा, माझ्याहून बराच लहान. दोघंच असलो की आम्ही मराठीत बोलायचो. वाळवंटावरून अगदी खालून उडायचं, एवढंच काम होतं. खाली खुरटी झाडं, वाळू, आणि आमचीच सावली पळतेय. मग एक पक्षी इंजिनात गेला. धाडकन आवाज झाला आणि त्यानंतर — काहीच नाही. इंजिन बंद.

वेगाच्या जोरावर मी विमान वर खेचलं, इंजिन पुन्हा चालू करायला घेतलं. इथवर सगळं शिकवल्याप्रमाणं. विनय मागून मीटरचे काटे वाचत होता. "इंजिन लागतंय सर, लागतंय! थांबा!" त्याचा आवाज जागेवर होता. माझा धीर सुटला.

मी हँडल ओढलं.

त्या विमानात पुढच्यानं हँडल ओढलं की दोन्ही सीटा पॅराशूटसकट बाहेर फेकल्या जातात. मी पाठ ताठ करून बसलो होतो. विनय वाकून काटे वाचत होता — त्याला कुठं माहीत होतं? त्याचा कणा मोडला.

रिकामं विमान आपोआप वळलं आणि एका ढाणीच्या, म्हणजे वाळवंटातल्या चार घरांच्या वस्तीच्या, पलीकडं जाऊन पडलं. वस्तीतला एक म्हातारा सगळ्यांना सांगत सुटला, की वैमानिकानं आमची घरं बघून विमान फिरवलं. विमानातली नोंदयंत्रं जळून गेली होती. चौकशीत मला विचारलं, वस्ती दिसली म्हणून वळवलंत का? मी हो म्हणालो.

विनयलाही विचारलं, हॉस्पिटलात. तो म्हणाला, आठवत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "उभे का सर? बसा ना." बस्स. पुढं तो कायमचा चाकांच्या खुर्चीत — पण तो विषय त्यानं कधी काढला नाही. मी काढला? मी तर हळूहळू जाणंच बंद केलं.

गेल्या महिन्यात तो वारला. साताऱ्याला गेलो. त्याची बायको शांत होती. म्हणाली, "भाऊजी, हे नेहमी म्हणायचे, माझी पाठ गेली, पण माणसं वाचली. त्यावरच एवढी वर्षं काढली त्यांनी."

म्हणजे माझं खोटं त्यानं स्वतःच्या घरातही उघडं पाडलं नव्हतं. माझ्यासाठी? की स्वतःसाठी? आता कुणाला विचारू?

मग तिनं विचारलं, "वरून कशी दिसत होती हो ती घरं?"

मी सांगितलं. मातीच्या भिंती, गोल छपरं, अंगणात बांधलेला उंट, दारात उभी एक बाई. ती पदर डोळ्यांना लावून ऐकत होती.

ती घरं मी फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलीत. हँडल ओढलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते.