एका वेळी एकच

मी मुळातच भित्री बाई आहे. शाळेत हे कुणाला सांगितलं तर हसतील, कारण जिन्यावर माझ्या चपलांचा आवाज आला की नववीच्या मुली चिडीचूप होतात. पण माझा सगळा कडकपणा भीतीतूनच आलेला आहे. कुणी पडेल, कुणाला काही होईल, कुणाच्या तरी घरून फोन येईल, या धास्तीतच मी एकोणीस वर्षं जीवशास्त्र शिकवत आले.

आमची शाळा हिमायतनगरात, तीन मजली, आणि नववीच्या मुलींचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. त्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी दोन मुली चक्कर येऊन खाली बसल्या. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की सकाळी घरून निघताना कपभर चहा आणि त्यानंतर चार वाजता घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. एक-दोघी नाही, जवळजवळ सगळ्या वर्गाची हीच तऱ्हा. बाटल्या घरून भरून आणायच्या आणि भरलेल्याच परत न्यायच्या.

मला धडकीच भरली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली आणि पाणी न प्यायल्यानं त्यांचं काय काय होतं ते इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या बाकावरची एक पोर रडायला लागली. दुसऱ्याला घाबरवणं एवढं एकच औषध मला ठाऊक आहे. मग नियम केला. प्रत्येक तास संपला की सगळ्यांनी पाणी प्यायचं, आणि मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना रिकामी बाटली उलटी करून दाखवायची.

बाटल्या तपासायला मी एक मुलगी नेमली. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, अबोल, घरी मराठी बोलणारी. ती काचीगुड्याला आमच्या मागच्याच गल्लीत राहायची, त्यामुळे तिच्या आईशी माझी भाजी घेताना गाठ पडायची. तिची स्वतःची बाटली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची. "हिच्याकडून शिका जरा," असं मी भर वर्गात म्हणायची, तेव्हा ती बाकावरच्या रेघा बोटानं गिरवत बसायची. मला वाटायचं, लाजते.

दोन महिन्यांत बाटल्या रोज रिकाम्या दिसू लागल्या. स्टाफरूममध्ये मी जरा मिरवलंच. खिडकीतल्या कुंडीतला मनी प्लांटही त्याच सुमाराला असा फोफावला होता की त्याच्या वेली फळ्यापर्यंत आल्या होत्या. वर्गाला चांगले दिवस आलेत, असं मी मनाशी म्हटलं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी बाटल्या तपासणारी ती मुलगी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिसऱ्या तासाला तिच्या आईचा फोन आला. "टीचर, तिला काल ॲडमिट केलंय. ताप उतरेचना, थंडी वाजून येतेय, कमरेत दुखतंय म्हणून ओरडते. डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलंय."

मी फोन ठेवला आणि पुन्हा फळ्याकडे वळले. पुढे काय शिकवलं ते आठवत नाही.

शाळा सुटल्यावर रिक्षानं थेट दवाखान्यात गेले. पोर झोपली होती. चेहरा इवलासा झाला होता आणि ओठ सोललेले होते. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून उठली आणि माझा हात धरून म्हणाली, "टीचर, ही तर रोज घरी येऊन सांगायची, माझी बाटली सगळ्यांच्या आधी खाली होते म्हणून. डॉक्टर विचारतात, पाणी पीत नव्हती का? मी म्हटलं, असं कसं होईल? तिची टीचर स्वतः बघते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? डॉक्टरांनी सांगितलं की एका बाजूचं मूत्रपिंड सुजलंय, औषध लागू पडतंय का ते दोन दिवसांत कळेल, त्याला कायमची इजा झालीय का ते त्यानंतर. घरी आल्यावर मी स्वयंपाक केला आणि तो तसाच झाकून ठेवला. फळ्यावरची ती दोन मूत्रपिंडं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गुरुवारी सकाळी वर्गात शिरले आणि माझी नजर कुंडीकडे गेली. खालची बशी कोरडी ठणठणीत होती. इतके दिवस त्या बशीत पाणी तुडुंब असायचं आणि मी आयाला रागवायची, की इतकं पाणी घालू नका, मुळं कुजतील. आया दरवेळी म्हणायची, "मी नाही घालत टीचर." मला ते खोटं वाटायचं. आता मुलगी तीन दिवस नव्हती आणि बशी कोरडी होती.

मी दार लावून घेतलं आणि वर्गाला विचारलं, "खरं सांगा. कोण कोण पाणी ओतून देतं?"

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, हम सब ऐसाच करते. कोई खिडकी में से, कोई बेसिन में."

"अगं, पण का?"

"पीते तो जाना पडता ना, टीचर. अकेले जाने कू डर लगता."

मी फळ्याशेजारच्या खिळ्याकडे बघितलं. तिथं परीक्षेचा एक जुना पॅड टांगलेला असे. त्यावर मी मोठ्या अक्षरांत 'पास' असं लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वीची ती माझीच कल्पना. त्याआधी मुली दोघी-तिघी मिळून खाली जायच्या आणि, माझ्या मते, जिन्यात गप्पा छाटत उभ्या राहायच्या. म्हणून मी हा नियम घातला, की जिला जायचं असेल तिनं पॅड न्यायचा, तो परत खिळ्यावर आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही. एका वेळी एकच. मोठ्या बाईंना तो इतका आवडला की पुढं सगळ्या वर्गांत तसे पॅड लागले.

मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, जिन्याच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून होतं. पलीकडेच मागचं फाटक, आणि तिथं मुलांना न्यायला येणारे रिक्षावाले बसलेले असत. मला वाटलं, त्यांचीच भीती. मोठ्या बाईंना सांगून त्यांना तिथून हलवू, असं मी ठरवलं आणि मला जरा धीर आला.

त्या संध्याकाळी दवाखान्यात गेले तेव्हा ती जागी होती. ताप थोडा उतरला होता. तिची आई औषधं आणायला गेल्यावर मी तिच्या पलंगाशी बसले. रागवायचं नाही असं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालंच, "कुंडीत का ओतत होतीस गं? मी इतकं समजावलं होतं!"

ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "टीचर, तुम्ही तरी कुठं पिता? तुमची बाटली पण भरलेलीच असते ना."

खरंच होतं ते. माझी स्टीलची बाटली रोज टेबलावर असते आणि रोज भरलेली घरी जाते. लहानपणी बाहेर पडताना आई म्हणायची, पाणी बेतानं पी, बाहेर सोय नसते. तेच अंगवळणी पडलं. शिक्षिकांसाठी वेगळी सोय आमच्या शाळेत नाही. एक आहे ती मोठ्या बाईंच्या खोलीत, आणि तिथं किल्ली मागायला जायची लाज वाटते. एकोणीस वर्षांत मी तळमजल्यावरच्या त्या स्वच्छतागृहात एकदाही गेले नव्हते. चार वाजेपर्यंत कळ काढायची आणि घर गाठायचं. मूत्रपिंडाचा धडा शिकवते म्हणे!

"तिथं कशाची भीती वाटते?" मी विचारलं. तेवढ्यात तिची आई परत आली. पोरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. निघताना डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय, या वेळी मूत्रपिंड बहुतेक वाचेल. पण पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. पुढच्या आठवड्यात ती शाळेत येऊ शकेल.

पुढच्या आठवड्यात! तिला पुन्हा माझ्याच वर्गात यायचं होतं, त्याच खिळ्याखाली.

शुक्रवारी मी पहिल्या तासाला मुलींसमोर माझी बाटली उघडली आणि सगळीच्या सगळी प्यायले. कुणी हसलं नाही. तिसऱ्या तासापर्यंत मला बसवेना. मी मुलींना वाचायला सांगितलं, पॅड उचलला आणि जिना उतरले. पॅड छातीशी धरून चालताना अंगावर काटा येत होता. बाई आहे, पन्नाशीला आलेली, आणि कुणी बघेल म्हणून घाबरले होते.

फाटकाशी एक रिक्षावाला बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. मी आत शिरले, दार लोटलं आणि कडीसाठी हात वर नेला.

कडी नव्हती. तिच्या जागी चार स्क्रूची चार भोकं होती, जुनी, कडेनं गंज चढलेली. दार सोडलं की आपोआप उघडत होतं. मी आत उभी राहून एका हातानं ते दाबून धरलं आणि बाहेर पावलं वाजली.

"कौन है?" लहान मुलीचा आवाज.

"मी आहे. टीचर."

मग ती म्हणाली, "टीचर, आप अकेले आए? मैं पकडतूं दरवाजा. आप फिकर नक्को करो."

तिनं बाहेरून दार धरलं. मी बाहेर आले तेव्हा सहावीतली एक मुलगी दोन्ही हातांनी दाराची मूठ ओढून उभी होती. तिच्या गळ्यात दोरीनं तिच्या वर्गाचा पॅड लटकत होता.

"आणि तू आत गेलीस की तुझं दार कोण धरतं?" मी विचारलं.

"पहले सहेली पकडती थी," ती म्हणाली. "अब एकीच कू छोडते ना, टीचर."

ती आत गेली. मी माझा पॅड खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिले.