अडतीस लाल चिठ्ठ्या

डॉक्टरीणबाई आरोग्य केंद्रावर रुजू झाल्या त्या दिवशी, खुर्चीला पाठ टेकायच्याही आधी, त्यांची करंगळी फाटकाच्या कडीत सापडली. तांदळाएवढं खरचटलं असेल. रक्त यावं की न यावं असा विचार करत होतं, एवढ्यात आतून एक ठेंगणे, गोल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेले गृहस्थ "अरे अरे अरे अरे" करत असे धावत आले, की बाईंना वाटलं आपल्या मागे कुणीतरी कोसळलं असावं. त्यांनी वळूनही पाहिलं. तोवर त्यांना बाकावर बसवून पाणी पाजण्यात आलं होतं आणि पट्टीनं प्रस्थान ठेवलं होतं. ती करंगळीपासून निघाली, मनगटाला दोन वळसे घालून कोपराशी घटकाभर विसावली आणि खांद्याकडे कूच करणार तोच गुंडाळी संपली. गुंडाळी मोठी असती तर बाईंचे नुसते डोळे मोकळे राहिले असते. त्या दिवशी हजेरीपटावर बाईंनी डाव्या हातानं सही केली. दुपारपर्यंत घरोघर बातमी पोचली, की नव्या डॉक्टर आल्या आहेत, पण फार दिवस काढतील असं दिसत नाही.

हे मामा. केंद्राचे ड्रेसर. एकतीस वर्षं जखमा धुणं आणि बांधणं एवढंच त्यांनी केलं होतं. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. इतकंच काय, त्यांची बायकोसुद्धा दारात कुणी आलं तर "मामा आंघोळीला गेलेत" असं सांगे. ड्रेसिंगची खोली म्हणजे एक खिडकी, एक स्टूल आणि उकळत्या पाण्याचं पातेलं. कात्री ते कमरेला नाडीनं बांधून ठेवत, कारण मोकळी कात्री आणि मोकळं पेन केंद्रात संध्याकाळ बघत नसे.

मामांचा हात हलका होता, पण मन त्याहून मऊ. "तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात निघालं नव्हतं. बाईंनी एकदा छेडलंच, "मामा, त्या माणसाला काय झालं होतं? डोक्याला एवढी पट्टी?"

"डोकं दुखतंय म्हणाला."

"मग पट्टी कशाला?"

"बाई, एवढा लांबून चालत आला. रिकाम्या डोक्यानं कसा पाठवू?"

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं, पण वरून हुकूम आला. अपघात किंवा आपत्ती आली तर काय करायचं, याचा सराव प्रत्येक केंद्रानं करून दाखवायचा. बाई आणि नर्स आत टेबलाशी राहणार. फाटकाशी उरले मामा. येणाऱ्या प्रत्येक जखमीच्या गळ्यात त्यांनी चिठ्ठी अडकवायची. जिवावर बेतलेल्याला लाल, थोडं थांबू शकेल त्याला पिवळी, चालता येईल त्याला हिरवी आणि गेलेल्याला काळी. ॲम्ब्युलन्स एकच, मोठं इस्पितळ पाऊण तासावर, म्हणून लाल चिठ्ठीवाला आधी जाणार.

बस उलटल्याचं नाटक ठरलं. शेजारपाजारचे चाळीस जण हौसेनं जखमी झाले. तपासणी अधिकारी खुर्ची टाकून बसले. पहिल्याच मिनिटाला किराणा दुकानवाल्या काकूंच्या गळ्यात काळी चिठ्ठी पडली.

"काळी म्हणजे काय हो मामा?"

"म्हणजे... तुम्ही गेलात, काकू."

"मी गेले? आणि ती समोरची शिवणवाली, तिला नुसता मुका मार? तिनं काय पुण्य केलंय?"

मामांनी काळी काढली, लाल घातली. मागून निवृत्त हेडसर गरजले, "तीस वर्षं शाळा चालवली, आणि मला हिरवी? मी काय पळून आलोय अपघातातून?" त्यांनाही लाल. मग काय, धरणच फुटलं. अडतीस जणांच्या गळ्यात अडतीस लाल चिठ्ठ्या झाल्या. उरलेले दोघे कंटाळून घरी गेले होते, म्हणून वाचले. ॲम्ब्युलन्समध्ये सात जणांनी दाटीवाटीनं जागा धरली आणि हेडसर ड्रायव्हरशेजारी खिडकीशी बसले.

साहेब बाईंना म्हणाले, "अडतीसच्या अडतीस गंभीर म्हणजे कुणीच गंभीर नाही. एक महिना देतो. पुन्हा असंच झालं, तर ही ॲम्ब्युलन्स ज्यांना वापरता येते अशा केंद्राला देईन."

ॲम्ब्युलन्स गेली तर अडलेली बाई आणि छातीत कळ आलेला माणूस पाऊण तासाच्या रस्त्यावर कशानं न्यायचा? बाई रोज संध्याकाळी मामांची शिकवणी घेऊ लागल्या.

"मामा, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. तो थांबू शकतो. जो गप्प आहे, त्याच्याकडे आधी जायचं."

"म्हणजे आमची ही शंभर वर्षं जगणार."

"चालता येतं का, हे विचारायचं. येत असेल तर हिरवी. पुढे ऐकायचंच नाही."

"पुढचंच तर ऐकण्यासारखं असतं हो, बाई."

"घरी सराव करा."

तिसऱ्या दिवशी मामा पडेल चेहऱ्यानं, डबा न घेता आले. बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काल हिची कंबर धरली. मी विचारलं, चालता येतं का? म्हणाली, येतं. मी म्हटलं, मग हिरवी."

"छान! मग?"

"मग ती चालत माहेरी गेली."

दुसऱ्या सरावाच्या दिवशी केंद्रासमोरच्या मैदानात ही गर्दी! मागच्या वेळेची करमणूक तोंडोतोंडी झाली होती. बघ्यांसाठी पिंपांवर फळ्या टाकून पायऱ्यांची बैठक केली होती, तीस माणसांची. बसले नव्वद. सर्वांत वर, मानाच्या खुर्चीत साहेब. खाली मैदानात लाल रंग फासलेले नकली जखमी जागा झटकून आडवे होत होते, एवढ्यात कडाड् असा आवाज झाला आणि अख्खी बैठक साहेबांसकट खाली बसली.

क्षणभर कुणाला कळेचना. मग रंग फासलेले उठून पळाले आणि बिनरंगाचे पडून राहिले.

बाई टेबलाकडे धावल्या. जाताना त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा चिठ्ठ्या घेऊन पहिल्या आरोळीकडे निघाले होते.

"मेले! मेले ग बाई!" काकू.

"चालता येतं का, काकू?"

"येतं, पण माझी पाठ..."

"मेलेल्याला ओरडता येत नाही. हिरवी. झाडाखाली बसा."

काकू पाठ चोळत झाडाखाली गेल्या. त्यांच्यामागून साहेब आले, मनगट छातीशी धरून. "आधी मला बघा. मी तपासणी अधिकारी आहे!"

एकतीस वर्षांत मामांनी साधा शिपाई नाराज केला नव्हता. "साहेब," ते पुटपुटले, "चालत आलात ना? मग हिरवी." आणि चिठ्ठी गळ्यात घालून त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा त्यांना घड्याळजी दिसले. चौकाच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा हा मनुष्य मोडक्या फळीला टेकून बसला होता. कपडेसुद्धा मळले नव्हते.

"माझं काही नाही, मामा. त्यांचं बघा."

मामा जागच्या जागी थबकले. त्यांच्या हयातीत "माझं काही नाही" म्हणणारा माणूस भेटलाच नव्हता. त्यांनी घड्याळजींचा हात धरला. गार, घामानं ओला. नाडी लागत होती, पण चोरासारखी, बारीक आणि पळती. शर्ट वर केला, तर डाव्या बरगडीखाली फळीचा वळ.

"लाल!" मामा ओरडले. "बाई, ही खरी लाल!"

बाई आल्या, पोटाला हात लावला आणि ड्रायव्हरला हाक मारली. हेडसर सवयीनं खिडकीच्या सीटकडे निघाले होते, त्यांना मामांनी कॉलर धरून मागे ओढलं. ॲम्ब्युलन्समध्ये घड्याळजी एकटे गेले, उशाशी नर्स. पोटात प्लीहा फुटली होती. मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी फोनवर सांगितलं, की आणखी अर्धा तास झाला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. ज्यांना लागलं होतं ते बाकीचे चौतीस जण पिवळे-हिरवे होते. मलम, प्लास्टर आणि टाके घेऊन अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचले. मामी माहेराहून परत आल्या त्यासुद्धा त्याच संध्याकाळी, "तुम्ही साहेबाला हिरवी दिलीत म्हणे?" असं चार वेळा विचारत.

आठवड्यानं अहवाल आला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि तडक साहेबांचं कार्यालय गाठलं.

"साहेब, यात 'सराव झाला नाही' असं लिहिलंय."

"झालाच नाही, बाई," प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवत साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "तुमच्या मामांनी काम उत्तम केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण तो अपघात होता. माझ्या तक्त्यात सरावाचा रकाना आहे, अपघाताचा नाही."

"मग पुन्हा घ्या."

"मुदत संपली ना."

एक तारखेला ॲम्ब्युलन्स दुसऱ्या केंद्राला गेली. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि त्यांची जागा अजून भरलेली नाही.